किल्ल्यात एकटा पडलेला मुलगा

अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ या चित्रपटाची कथा दोन ओळींत सांगता येते. वडील वारलेला अकरा वर्षांचा चिन्मय आईच्या सरकारी नोकरीतल्या बदलीमुळे पुणे सोडून कोकणात गुहागरला येतो. तिथे रुळू लागतो, तोच पुन्हा बदली होते. चित्रपटाचे मोल या कथेत नाही. मुलाला जे सांगता येत नाही, ते त्याच्या तोंडी न घालता पडद्यावर आणण्यात आहे.

चिन्मय वडिलांविषयी फारसे बोलत नाही. तो रुसतो, आईशी अबोला धरतो, नव्या शाळेत घुम्यासारखा बसतो. मोठ्यांना हा हट्ट वाटतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलाचे दुःख मात्र बहुधा असेच, रागाचे रूप घेऊन बाहेर पडते. किल्ल्यातला प्रसंग याचा कळस आहे. सायकलींची शर्यत लावून मुले किल्ल्यावर जातात, जोराचा पाऊस येतो आणि चिन्मय आत एकटा राहतो. हाका मारतो, पण मित्र निघून गेलेले असतात. मुलांच्या लेखी ही किरकोळ गोष्ट. चिन्मयला मात्र ती सहन होत नाही, कारण न सांगता निघून जाणारे माणूस त्याने आधीच घरात अनुभवलेले आहे. हा संबंध कोणतेही पात्र बोलून दाखवत नाही. दिग्दर्शकाने प्रेक्षकावर टाकलेला हा विश्वास मराठीत दुर्मीळ आहे.

आईलाही हाच न्याय मिळतो. अमृता सुभाष यांची अरुणा कार्यालयातल्या दबावाने आणि एकटेपणाने खचत जाते, आणि आईसुद्धा घाबरते हे चिन्मयला हळूहळू उमगते. मोठे होण्याची सुरुवात इथे होते. अर्चित देवधरने हा बदल जवळजवळ केवळ नजरेतून दाखवला आहे. छायाचित्रण दिग्दर्शकाचे स्वतःचेच आहे. त्यामुळे पाऊस आणि समुद्र पर्यटकाला दिसतात तसे न दिसता, परक्या गावात आलेल्या मुलाला वाटतात तसे, आधी भिववणारे आणि मग ओळखीचे होत जातात.

कोकणाच्या याच पट्ट्यात मराठीतले बालपणाचे सर्वांत प्रसिद्ध पुस्तक, साने गुरुजींचे ‘श्यामची आई’, हेही घडते.  दापोली तालुक्यातले पालगड हे साने गुरुजींचे गाव. दाभोळची खाडी पार केली की गुहागर. ‘श्यामची आई’वर आचार्य अत्रे यांनी १९५३ साली केलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. पुस्तकात मोठा झालेला श्याम आठवणी सांगतो. प्रत्येक प्रसंगाचा अर्थ त्याला कळून चुकलेला असतो, म्हणून प्रत्येकातून संस्कार मिळतो. चिन्मयला अजून काहीच कळलेले नाही. आई-मुलाच्या नात्याची ही दोन्ही चित्रे खरी आहेत. पण बालपण घडत असताना आतून कसे वाटते, हे ‘किल्ला’त अधिक सापडते. २०१४ साली बर्लिन महोत्सवात ‘किल्ला’ला क्रिस्टल बेअर हा पुरस्कार मिळाला, तो देणारे परीक्षक मुलेच होती. भाषा न कळणाऱ्या मुलांनी चिन्मयला ओळखले, ही दाद त्याच वर्षासाठी मिळालेल्या सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाच्या राष्ट्रीय पुरस्काराहून मोलाची मानावी लागेल.

चित्रपटाची एक मर्यादा कोकणातल्या प्रेक्षकाला जाणवल्यावाचून राहणार नाही. कथा येणाऱ्या-जाणाऱ्या मुलाची आहे. पार्थ भालेरावने साकारलेला व्रात्य, जीव लावणारा बंड्या गावातच राहतो. मित्र गेल्यावर त्याच्या मनात काय उरते, तिकडे चित्रपट वळत नाही. कोकणातल्या गावांत बंड्याची बाजूच अधिक घरांची आहे. तिथे वडील मुंबईला चाकरमानी असतात, गणपतीला येतात, सुट्टी संपली की जातात, आणि मूल आजी-आजोबांजवळ राहते. निरोप देणाऱ्या या मुलाकडेही इतक्याच संयमाने कॅमेरा वळायला हवा.