दळणाचा नंबर

कर्जतहून कशेळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याला एक किराणा दुकान होतं. पुढे दुकान, मागे पिठाची गिरणी आणि उन्हाळ्यात मिरच्या-मसाला कुटायचं यंत्र. दुकानाच्या मालकाला सगळे शेठ म्हणत, पण शेठ म्हणण्याइतकं त्याच्याकडे काही नव्हतं. दुकान होतं, थोडी भातशेती होती, आणि उधारीची वही बरीच जाड होती.

शेठचा मुलगा मुंबईला आर्किटेक्ट झाला आणि लग्न करून गावी परतला. बोधकथेतली शिकलेली मुलं बहुधा लोभी नाहीतर मूर्ख असतात. हा दोन्ही नव्हता. त्याला खरोखर गावासाठी काही करायचं होतं. नेदरलँड्समधल्या जम्बो नावाच्या सुपरमार्केटने २०१९ मध्ये एका दुकानात गप्पांचा काउंटर सुरू केला, हे त्याने वाचलं होतं. ज्याला घाई नाही आणि दोन शब्द बोलायचे आहेत, त्याने त्या रांगेत उभं राहायचं. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांसाठी ही सोय. ती इतकी चालली की पुढे असे दोनशे काउंटर करायचं कंपनीने ठरवलं. मुलगा म्हणाला, "बाबा, तिथे दुकानाला पुन्हा चावडी करतायत. आपल्याकडे तर चावडीच होती. फक्त ती नीट बांधली नाही कोणी."

मग दुकान नीट बांधलं गेलं. काचेचं दार आलं, मालाच्या मांडण्या आल्या, शनिवार-रविवारी फार्महाऊसवर येणाऱ्या मंडळींसाठी चीज आणि कोळसा आला. रस्त्याकडे तोंड करून ऐसपैस बैठक केली. गाद्या, पंखा, वर्तमानपत्रं, फुकट वायफाय. पिठाची धूळ आणि पट्ट्याची घरघर काचेआड शोभेना, म्हणून गिरणी गावाबाहेरच्या शेडमध्ये गेली. एक पोरगा टेम्पोतून घरोघरचे डबे नेई आणि संध्याकाळी पीठ आणून देई. बाया खूश झाल्या. का होऊ नयेत? डोक्यावरचं ओझं वाचलं, दुपार वाचली.

बैठकीवर मात्र कोणी बसेना. सुटीच्या दिवशी मुंबईचे चारदोन जण कोल्ड्रिंक घेऊन टेकत, एवढंच. गावातले पुरुष एसटीची वाट बघत पूर्वीसारखे बाहेर झाडाखालीच उभे. बाया सामान घेत, पैसे देत, निघून जात. मुलाला वाटलं, गाद्या फार गुबगुबीत झाल्या असतील. त्याने लाकडी बाकं केली. मग वाटलं, चहा हवा. चहाचं यंत्र आणलं. यंत्राला दूध मात्र रोज लागायचं.

आषाढ लागला. शेठचं रोप तयार झालं. वाण हळवा, कर्जतच्याच भात संशोधन केंद्रातला. हळव्याचं रोप तीन आठवड्यांच्या आसपास चिखलात गेलं पाहिजे. थांबलं की म्हातारं होतं, मग फुटवे कमी धरतं आणि लोंब्याही कमी. शेठने फोन लावायला सुरुवात केली. एकीने सांगितलं, उद्या दुसरीकडे शब्द दिलाय. दुसरीने तेच. ठाकरवाडीतल्या बायांची टोळी त्याच दिवशी तिघांनी सांगून ठेवली होती. सगळ्या गावाची लावणी एकाच चार दिवसांत निघाली होती, आणि कोणाची कधी आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. शेठचं रोप वाफ्यातच पिवळं पडत चाललं.

"दरवर्षी कशी व्हायची मग?" मुलाने विचारलं.

शेठ विचारात पडला. दरवर्षी त्याने कोणालाच बोलावलं नव्हतं.

सून चौककडची, खालापूर तालुक्यातली. तिच्या माहेरी गिरणी होती. ती म्हणाली, "अहो, गिरणीत ठरायचं ते."

कसं ठरायचं, तेही तिने सांगितलं. गिरणीत आलेला डबा लगेच दळला जात नाही. आधी तांदूळ, कारण भाकरी पांढरी हवी. मग गहू. बाजरी, नाचणी शेवटी. उपवासाचं असलं तर त्याच्यासाठी सकाळी दगड पुसून वेगळी वेळ. म्हणजे नाचणीवालीला तांदूळवालीचं दळण होईस्तोवर थांबावंच लागतं. त्यात वीज गेली की सगळ्याच थांबल्या. अशा दुपारी एकमेकींची लावणी सावडीने लागायची. आधी तुमची, मग आमची, मग वरच्या आळीची. बचत गटाचा हप्ता तिथेच गोळा व्हायचा. वाडीतली म्हातारी पहिल्या पावसात शेवळं घेऊन तिथेच बसायची, कारण बाया हमखास सापडायच्या.

"मग या बैठकीवर का बसत नाहीत? इथे पंखापण आहे."

"बसून काय सांगणार घरी? दुकानात बसले होते?" सून म्हणाली. "दळणाला गेले होते, म्हटलं की सासूही काही बोलत नाही."

शेठला डोंबिवलीची बहीण आठवली. ती मुंबई ग्राहक पंचायतीत होती. १९७५ सालापासून चाललेली ही संस्था. शेजारपाजारची कुटुंबं मिळून महिन्याची यादी देतात, माल एकाच्या घरी उतरतो, आणि सगळे तिथे जमून आपापलं वाटून घेतात. शेठने तिला एकदा विचारलं होतं, तुमच्या खालीच दुकान आहे, मग हा खटाटोप कशाला? भाव चांगला पडतो आणि माल चोख असतो, असं उत्तर तिने दिलं होतं. वाटपाच्या दिवशी ती जरीकाठाची साडी का नेसते, हे मात्र सांगितलं नव्हतं.

मुलगा हुशार होता. त्याने जम्बोची गोष्ट परत वाचली. तिथेही लोक सामान घ्यायलाच आलेले असतात, हे या वेळी त्याच्या डोक्यात शिरलं. यात त्याची चूक मला फारशी वाटत नाही. आर्किटेक्टला बाक काढता येतो, खोळंबा कसा काढायचा हे कुठल्या कॉलेजात शिकवतात?

दिवाळीआधी गिरणी परत आली. धूळ उडू नये म्हणून मध्ये काच घातली, पण दरवाजा दुकानातच ठेवला. चीजच्या फ्रीजला कोपरा बदलावा लागला. बैठक मोडून ओटा बांधला, तोही सुनेने उभं राहून. रस्त्याकडे पाठ, गिरणीकडे तोंड, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला कोण बसलंय ते दिसत नाही आणि बसलेलीला आपला नंबर दिसतो. डबे ठेवायला कमरेच्या उंचीची फळी, शेजारी पाण्याचा नळ, आणि भाजीवाल्या म्हातारीसाठी पायरीवर हातभर जागा. टेम्पो बंद केला नाही. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांचे डबे अजून त्यातूनच येतात. चहाचं यंत्र फार्महाऊसवाल्या एकाला विकलं.

पुढच्या पावसाळ्यात शेठची लावणी वेळेवर झाली. त्याने पुन्हा कोणालाच बोलावलं नाही.

तक्रार आली ती पुरुषांकडून. बायांना ओटा, आम्ही काय झाडाखाली भिजायचं? दोघंतिघं शेठकडे येऊन म्हणाले, आम्हालाही बसायला काहीतरी करा.

"ओटा सगळ्यांचाच आहे की," शेठ म्हणाला. "दळण घेऊन या."

दुसऱ्या दिवशी त्यांतला एक जण पाच किलोचा डबा घेऊन आला. नाचणी होती.