वाक्यं मोजणारे आणि वाक्यं बोलणारे

8 मार्च 2023 रोजी न्यूयॉर्क टाइम्समध्ये भाषावैज्ञानिक नोम चॉम्स्कींचा लेख छापून आला. सोबत इयन रॉबर्ट्स आणि जेफ्री वॉटमल यांची नावं होती, पण आवाज ओळखीचा होता. चॅटजीपीटी येऊन तीन महिने झाले होते, कौतुकाला भरती आली होती आणि चॉम्स्कींनी त्यावर विरजण घातलं. माणसाला शिकता येईल अशी भाषा आणि माणसाला कधीच शिकता येणार नाही अशी भाषा, दोन्ही हे यंत्र सारख्याच सहजतेने पचवतं. मग माणसाच्या भाषेबद्दल ते काय सांगणार? महिना संपायच्या आत बर्कलीच्या स्टीव्हन पियांटाडोसी यांचा प्रतिलेख आला. आधुनिक भाषा-मॉडेलांनी चॉम्स्कींची विचारपद्धतीच खोडून काढली आहे, हे त्यांनी मथळ्यातच सांगून टाकलं. पुढच्या वर्षी ज्युली कालिनी आणि सहकाऱ्यांनी मुद्दाम अशक्य भाषा तयार केल्या, शब्द उलटेपालटे केले, आणि एका छोट्या मॉडेलला त्या शिकवून पाहिल्या. इंग्रजीपेक्षा त्या मॉडेलला जड गेल्या. म्हणजे चॉम्स्कींचा तो दावा जसा मांडला तसा टिकला नाही.

तेव्हापासून भाषेचे आकडे मोजणाऱ्यांच्या गोटात फटाके वाजत आहेत. व्याकरणाचे दिवस संपले, आता मजकूर ओता आणि आकडे काढा, असं परिसंवादांतून सर्रास ऐकू येतं. या बढाईला वंशपरंपरा आहे. आयबीएममध्ये उच्चार ओळखणारी यंत्रं घडवणाऱ्या फ्रेडरिक जेलिनेक यांच्या नावावर एक विनोद सांगितला जातो: भाषावैज्ञानिकाला कामावरून काढलं की यंत्राची अचूकता वाढते. विनोद झकास आहे. पण जेलिनेकना यंत्राकडून टंकलेखन करून घ्यायचं होतं. माणसाच्या तोंडून वाक्य कसं बाहेर पडतं, हा त्यांच्या कामाचा प्रश्नच नव्हता. ज्यांचा तो प्रश्न आहे त्यांनीही हा विनोद सिद्धान्त म्हणून उचलला, तिथे घोटाळा सुरू झाला.

अर्थात उद्धटपणाची सुरुवात पलीकडून, म्हणजे नियमवाल्यांकडून झाली. 1960च्या दशकात ब्राउन विद्यापीठात नेल्सन फ्रान्सिस आणि हेन्री कुचेरा यांनी 1961 साली अमेरिकेत छापलेल्या मजकुरातून 500 उतारे निवडले. प्रत्येक उतारा सुमारे 2000 शब्दांचा, एकूण 10 लाख शब्द. चॉम्स्कींचे सुरुवातीचे शिष्य रॉबर्ट लीस यांना हे कळलं तेव्हा त्यांनी फ्रान्सिसना तोंडावर सांगितलं की हा वेळेचा आणि सरकारी पैशाचा अपव्यय आहे. इंग्रजी ज्याची मातृभाषा आहे त्याला लाखो शब्दांत सापडणार नाहीत इतकी उदाहरणं दहा मिनिटांत सुचतात. हा किस्सा पुढे फ्रान्सिसच सांगत असत. त्या दहा मिनिटांच्या भरवशावर भाषाविज्ञानाच्या एका मोठ्या शाखेने पुढची कित्येक दशकं काढली.

चॉम्स्कींचे मूळ आक्षेप पोकळ होते असं नव्हे. 1957च्या पुस्तकात त्यांनी एक निरर्थक पण व्याकरणशुद्ध वाक्य दिलं आणि तेच उलट्या क्रमाने लिहून दाखवलं. दोन्ही आधी कुणी बोललेलं नाही, तेव्हा आकडेशास्त्राच्या लेखी दोन्ही सारखीच. तरी इंग्रज माणूस पहिल्याला वाक्य म्हणतो, दुसऱ्याला नाही. हा बाण 2000 साली फर्नांडो परेरांनी परतवला. वर्तमानपत्री मजकुरावर बेतलेल्या साध्याच संभाव्यता-मॉडेलने पहिलं वाक्य दुसऱ्यापेक्षा सुमारे दोन लाख पट संभाव्य ठरवलं. पण चॉम्स्कींचा दुसरा मुद्दा अधिक चिवट आहे. ‘न्यूयॉर्कमध्ये राहतो’ हे वाक्य ‘ओहायोतल्या डेटनमध्ये राहतो’ यापेक्षा जास्त वेळा बोललं जातं. यात व्याकरणाचा काय संबंध? न्यूयॉर्क मोठं आहे, इतकंच. गावांची लोकसंख्या मोजून वाक्यरचना कळत नाही.

हा वाद अमेरिकेत जन्मला असं समजणाऱ्यांनी पाणिनीच्या व्याकरणावर पतंजलींनी लिहिलेल्या महाभाष्याचं पहिलं आह्निक, म्हणजे पहिला पाठ, उघडावा. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी ते मराठीत आणून ठेवलं आहे, त्यामुळे संस्कृत येत नाही ही सबब चालायची नाही. पतंजली तिथे विचारतात: शब्दांचं ज्ञान द्यायचं तर एकेक शब्द वाचून दाखवायचा का? आणि एक कथा सांगतात. बृहस्पतीसारखा गुरू, इंद्रासारखा शिष्य, देवांची हजार वर्षं अभ्यासाला. बृहस्पती एकेक शब्द उच्चारत गेला, तरी अंत लागला नाही. मग जेमतेम शंभर वर्षं जगणाऱ्या माणसाची काय कथा? म्हणून सामान्य नियम सांगावा, त्याला अपवाद सांगावा, थोडक्या श्रमात शब्दांचा महासागर पार व्हावा. चॉम्स्कींनी याखाली डोळे मिटून सही केली असती. आजच्या मॉडेलांना बृहस्पतीपेक्षा वेळ पुष्कळ कमी लागतो. वीज मात्र जास्त लागते.

इथे थांबलं तर पतंजली नियमवाल्यांचे वकील ठरतात आणि हा लेखही सोपा होतो. पण त्याच आह्निकात ते दुसऱ्या बाजूने उभे राहतात. आक्षेप घेणारा म्हणतो, काही क्रियारूपं व्याकरणात सिद्ध होतात पण लोक ती वापरत नाहीत; ऊष, तेर, चक्र, पेच अशी रूपं कुणी बोलत नाही, त्याऐवजी कृदन्तं वापरून काम भागवतात. निरीक्षण चोख आहे. व्याकरण जे शक्य म्हणतं त्यातलं लोक प्रत्यक्षात काय निवडतात, हाच तर प्रश्न. पतंजलींचं उत्तर असं की शब्दाच्या वापराचं क्षेत्र अफाट आहे: सात द्वीपांची पृथ्वी, तीन लोक, शाखोपशाखांसह चार वेद. हे सगळं कानावरून न घालता ‘वापरात नाही’ म्हणणं हे नुसतं धाडस. आपल्या संग्रहात सापडलं नाही म्हणून भाषेत नाही असं ठरवणाऱ्या आजच्या संशोधकाला यापेक्षा नेमका चिमटा कुणी काढलेला नाही. आणि लगेच ते पुरावा मांडतात. ‘जाणं’ या अर्थी शवति हे क्रियापद कंबोजात चालतं, सौराष्ट्रात हम्मति म्हणतात. दक्षिणेकडच्यांना तद्धितांचा, म्हणजे नामाला प्रत्यय जोडून केलेल्या शब्दांचा, सोस असतो, हे तर त्यांनी पाणिनीच्या सूत्रांवर टिपा लिहिणाऱ्या वार्तिककारांच्या एका वाक्यावरून ओळखून थट्टेने नोंदवलं आहे. हा माणूस कान उघडे ठेवून हिंडत होता.

पाणिनीबद्दलही असंच. विकल्प सांगताना तो कधी वा म्हणतो, कधी विभाषा, कधी अन्यतरस्याम्. परंपरेने तिन्ही एकच मानले. 1979 साली पॉल किपार्स्की यांनी एक अख्खं पुस्तक लिहून दावा केला की तिन्ही वेगळे आहेत: वा म्हणजे शक्यतो करावं, विभाषा म्हणजे शक्यतो करू नये, अन्यतरस्याम् म्हणजे दोन्ही सारखंच. सगळ्या पंडितांना हे पटलेलं नाही. पण खरं असेल तर पसंतीची पातळी ही व्याकरणाच्या आतच नोंदवायची गोष्ट आहे, असं अष्टाध्यायीकाराला वाटत होतं. हे पुस्तक एमआयटी आणि पुणे विद्यापीठ यांनी मिळून काढलं. एमआयटी म्हणजे चॉम्स्कींचा गड. तिकडे ‘होय की नाही’ एवढंच ओळखणारं व्याकरण जोरात होतं, आणि त्याच छापखान्यातून पाणिनीच्या तोंडी ‘बहुधा’ येत होता.

त्यामुळे मोजणाऱ्यांवर उगारलेला हात आता आवरावा लागतो. त्यांच्यातल्या ज्यांना मोजण्याआधी प्रश्न पडला होता, त्यांनी खरोखरच काही मिळवलं आहे.

जोन ब्रेसनन यांनी चॉम्स्कींच्या हाताखालीच 1972 साली एमआयटीतून डॉक्टरेट घेतली. त्यांचं नंतरचं काम घरभेद्याचं ठरलं. इंग्रजीत ‘जॉनला पुस्तक दे’ हे दोन तऱ्हांनी म्हणता येतं: गिव्ह जॉन द बुक किंवा गिव्ह द बुक टू जॉन. कुठलं क्रियापद कुठल्या रचनेत चालतं याचे काटेकोर नियम व्याकरणकारांनी आपल्या कानाला विचारून केले होते. उदाहरणार्थ, ‘डोकेदुखी देणं’ पहिल्या रचनेतच चालतं, दुसरीत चालत नाही. ब्रेसनन आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्ष वापर तपासला, तर निषिद्ध ठरवलेली वाक्यं सापडली, विशेषतः ज्याला द्यायचं त्याचं वर्णन लांबलचक असतं तिथे. दहा मिनिटांत सुचणाऱ्या उदाहरणांत जॉन नेहमी एकाक्षरी असतो. लांबलचक जॉन सुचतच नाही.

मग त्या स्विचबोर्डकडे वळल्या. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने 1990च्या सुमारास अनोळखी अमेरिकनांना फोनवर गप्पा मारायला बसवून हा संग्रह केला: सुमारे 2400 संभाषणं, 543 माणसं. त्यातून देण्याघेण्याची 2360 वाक्यं निघाली, पैकी 501 ‘टू’वाली. आता प्रश्न असा की बोलणाऱ्याने त्या त्या क्षणी कुठली रचना निवडली, हे आधीच्या माहितीवरून सांगता येईल का? वस्तूचा उल्लेख आधी झाला होता की ती नवी, सर्वनाम होतं की नाम, घेणारा सजीव की निर्जीव, कुठला भाग किती लांब, अशी अंगं एकत्र तोलणारं सांख्यिकी मॉडेल त्यांनी 2007 साली मांडलं. डोळे झाकून सगळीकडे पहिलीच रचना म्हटलं तरी 79 टक्के उत्तरं बरोबर येतात. मॉडेलची दहापैकी नऊहून अधिक आली. शिवाय ‘हा सगळा लांबीचाच खेळ आहे’ ही जुनी शंकाही त्यात निकालात निघाली. इतर अंगं स्थिर धरली तरी प्रत्येकाचा स्वतंत्र ओढा उरतो. नुसत्या टक्केवारीने हे कधीच दिसलं नसतं.

डेटनचा आक्षेप इथे लागू पडत नाही. इथे गावांची लोकसंख्या कुणी मोजत नाही. एकच आशय, दोन वाटा, आणि बोलणारा कुठे वळला, एवढंच मोजलं आहे. पुढे ब्रेसनन यांनी लोकांना स्विचबोर्डमधलेच प्रसंग दाखवून सांगितलं की दोन पर्यायांत मिळून 100 गुण वाटा. लोकांचे गुण मॉडेलच्या अंदाजाशी जुळत गेले. म्हणजे ‘बहुधा’ ही कागदावरची सरासरी नव्हती, ती बोलणाऱ्याऐकणाऱ्यांच्या डोक्यात होती.

या सगळ्याचा जीव संग्रहाच्या आकारात नाही. तो टेलिफोनच्या तारेत आहे. माणसं बोलत होती. अडखळत, वाक्य मोडत, घाईत. छापलेलं वाक्य हे वाक्य करण्याची क्रिया नसते, ती लपवून उरलेला माल असतो. हर्बर्ट क्लार्क आणि जीन फॉक्स ट्री यांनी 2002 साली लंडन-लुंड या बोलल्या जाणाऱ्या इंग्रजीच्या संग्रहातून दाखवलं की बोलताना निघणारे दोन हुंकार एकसारखे नाहीत: एक छोट्या खोळंब्याआधी येतो, दुसरा मोठ्या. बोलणाऱ्याला आपण किती अडणार आहोत याचा अंदाज असतो आणि तो ऐकणाऱ्याला तशी सूचना देतो. कुठल्याही संपादकाच्या हाती हा पुरावा लागला की तो आधी कात्री चालवतो.

उलट, संग्रह फुगवत नेण्याचे तोटे अ‍ॅडम किल्गॅरिफ यांनी 2005 साली सांगून ठेवलेत. भाषा कधीच यादृच्छिक नसते. म्हणून पुरेसा मजकूर घेतला की जवळजवळ कुठलाही फरक ‘लक्षणीय’ ठरतो. कोट्यवधी शब्दांवर काढलेल्या आकड्याला टाळी देण्याआधी एवढं आठवावं.

मराठीत काय आहे? महाराष्ट्राने 10 लाख शब्दांचा नामांकित संग्रह पूर्वीच केला. शिवाजी विद्यापीठात एस. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखाली, ब्राउनच्याच साच्यात, 1978 साली छापलेल्या मजकुरातून. तो 1986 साली पुरा झाला आणि जगभर ‘कोल्हापूर कॉर्पस’ म्हणून वापरला गेला. फक्त तो इंग्रजीचा आहे, भारतीय इंग्रजीचा. मराठी बोलींचे नमुने जॉर्ज ग्रिअर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या 1905च्या सातव्या खंडात आहेत, पण त्यांतले पुष्कळसे बायबलमधल्या उधळ्या मुलाच्या गोष्टीची भाषांतरं. भाषांतर करणारा माणूस बोलत नसतो. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांचं बोलींचं नवं सर्वेक्षण याबाबत कितीतरी शहाणं आहे. त्यात लोकांना चित्रफिती दाखवून काय घडलं ते सांगायला लावतात आणि ध्वनिमुद्रण करतात. आयआयटी मद्रासच्या एआय-फॉर-भारत गटानेही 22 भाषांतलं बोलणं मुद्रित केलं, त्यात मराठी आहे. तिथला हेतू मात्र यंत्राला ऐकायला शिकवण्याचा.

घरगुती गप्पांचा सलग संग्रह का हवा, ते एका उदाहरणात दिसतं. ‘आईने परवा गावाहून आलेल्या मामांच्या थोरल्या मुलीला साडी दिली.’ यात आई बिचारी क्रियापदाची वाट बघत ताटकळते. ‘परवा गावाहून आलेल्या मामांच्या थोरल्या मुलीला आईने साडी दिली’ हे सुटसुटीत. जपानीतही क्रियापद शेवटी असतं, आणि हिरोको यामाशिता व फ्रँकलिन चँग यांनी 2001 साली प्रयोगातून दाखवलं की जपानी माणसं लांब भाग आधी उरकतात, इंग्रजीच्या बरोबर उलट. मराठीलाही हेच लागू, असं छापील मजकूर चाळून कुणीही म्हणेल. पण स्वयंपाकघरात हे वाक्य असं येतं: ‘आईने साडी दिली ना तिला, त्या मामांच्या मोठीला, परवा आली बघ गावाहून.’ क्रियापद मध्येच पडलं, लांबलचक भाग त्याच्या मागे तुकड्यातुकड्याने आला, आणि ‘ना’, ‘बघ’ यांनी सांधे जुळवले. छापील मराठीवर बेतलेला सिद्धान्त इथे तोंडघशी पडतो. ‘येतो म्हणाला’ आणि ‘म्हणाला की येतो’ यांतली निवड कशावर ठरते, हे तरी अग्रलेखांच्या गठ्ठ्यातून कसं कळणार?

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला. तो मिळवताना साक्षीला होते ते जुने ग्रंथ आणि शिलालेख, आणि ते योग्यच होतं. आता त्या निमित्ताने जे प्रकल्प आखले जातील, त्यांत एक साधा प्रकल्प विद्यापीठांनी घालावा: सिंधुदुर्गापासून गोंदियापर्यंत आणि बडोदा, बेळगाव, पणजीतही, घराघरांतल्या गप्पा बोलणाऱ्यांच्या संमतीने मुद्रित कराव्यात. उतरवून घेताना एकही ‘म्हणजे’ आणि एकही ‘आपलं ते हे’ गाळू नये. आणि तो संग्रह कुणाही विद्यार्थ्याला फुकट उघडता यावा.