हाताने खणलेली कबर

२१ जुलै २००७. लंडनमध्ये मध्यरात्र उलटली तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजले होते, आणि इथेही पुस्तकांच्या दुकानांबाहेर मुलं ताटकळत उभी होती. हॅरी पॉटर या जादूगार मुलावरच्या कादंबरीमालेचा सातवा, शेवटचा भाग येत होता. पहिला आला १९९७ साली. मधल्या दहा वर्षांत वाचणारी मुलं हॅरीबरोबरच मोठी झाली होती.

आमच्या घरी ते जाडजूड पुस्तक भाचीने दोन दिवसांत अर्धं संपवलं. मग मात्र तिचा वेग मंदावला. संपेल या भीतीने ती दिवसाला चार-चार पानंच वाचू लागली. एका दुपारी डोळे पुसत माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "मामा, डॉबी गेला."

तो प्रसंग मग मीही वाचला. डॉबी हा घरगडी म्हणून राबलेला इवलासा एल्फ, हॅरीचा मित्र. मित्रांना वाचवताना तो जिवानिशी जातो. हॅरीच्या हाती जादूची कांडी आहे, डॉबीच्या कबरीसाठी क्षणात खड्डा होईल. पण तो कुदळ-फावड्याच्या वाटेनेच जातो, घाम गाळत, हाताला फोड येईपर्यंत खणतो. हॅरीचा जिवलग मित्र रॉन स्वतःचे मोजे काढून डॉबीच्या पायांत घालतो. एका मोज्यामुळेच तर डॉबी गुलामीतून सुटला होता! मला तर सातही पुस्तकांतलं हेच पान सर्वांत मोलाचं वाटतं.

शेवटचं पान वाचून झाल्यावर भाची बराच वेळ गप्प होती. मग उठली, कपाटातून पहिला भाग काढला आणि खिडकीत जाऊन बसली.