वारूळ, बाग आणि गावाची शीव

सिंधुदुर्गात सातेरी बहुतेक ठिकाणी वारुळाच्या रूपात पुजली जाते. गाभाऱ्यात मातीचा उंचवटा, त्यावर मुखवटा आणि लुगडे. खाली खरोखरचे वारूळ, म्हणजे वाळवीचे घर. त्याच गावात आंब्या-काजूच्या बागेत वाळवी आणि खोडकिडा दिसला की बुंध्याशी क्लोरपायरीफॉसचे द्रावण ओततात. एकच जीव देवळात देवी आणि बागेत शत्रू. याला दांभिकपणा म्हणणे सोपे आहे, पण ते मला पटत नाही. कोकणातल्या धर्माने पावित्र्य नेहमीच जागेला बांधून ठेवले आहे. देवराईतली वाळकी काटकीही आणायची नाही. देवराईबाहेर कोयता चालवायला मोकळीक. ही वाटणी शेकडो वर्षे चालली, कारण कोयता शीव ओळखत होता. फवाऱ्याचे तसे नाही, आणि म्हणून जुना प्रश्न नव्याने विचारावा लागतो: शेतीसाठी केलेली जीवहत्या धर्माला कुठवर मान्य आहे?

बागायतदाराच्या बाजूने परंपरेत भक्कम पुरावा सापडतो. महाभारताच्या वनपर्वात मिथिलेचा धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला सांगतो की नांगरणीत असंख्य जीव मरतात आणि या जगात पूर्णपणे अहिंसक असा कोणीच नाही. शांतिपर्वातला तुलाधार उलट टोकाला उभा आहे. लोखंडी फाळाचा नांगर जमिनीला आणि तिच्यातल्या जीवांना जखमी करतो म्हणून त्याला शेतीच निर्दोष वाटत नाही. पण समाज तुलाधाराच्या नव्हे, व्याधाच्या मागे गेला. जैन विचाराने तर हिशेबच मांडला: ठरवून केलेली ती संकल्पी हिंसा, ती गृहस्थालाही वर्ज्य, पोटापाण्याच्या उद्योगात होणारी ती उद्योगी, ती त्याला पूर्णपणे टाळता येत नाही. गांधीजींनीही 1946 मध्ये पिकाची नासाडी करणाऱ्या माकडांबद्दल लिहिताना शेतकऱ्याला अगदी कमीत कमी हिंसेची मुभा दिली होती. एवढे सगळे पाठीशी असताना तुडतुडे मारणाऱ्याला दोष कसा द्यायचा?

पण ही मुभा सरसकट नाही. मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरातल्या पाच हिंसास्थानांची, म्हणजे पंचसूनेची, यादी आहे: चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. तिथे नकळत जीव मरतात, हे मान्य करून लगेच पंचमहायज्ञांची परतफेड सांगितली आहे आणि त्यांत प्राणिमात्रांना घास काढून ठेवण्याचा भूतयज्ञही येतो. मला महत्त्वाची वाटते ती या यादीची व्याप्ती. पाचही जागा करणाऱ्याच्या हातापुढच्या आहेत. तिथे मरणारा जीव दिसण्याइतका जवळ आहे, काम थांबले की मरणेही थांबते आणि देणे ज्याचे त्याने फेडायचे आहे. अटळ हिंसेला मिळालेली क्षमा या मर्यादेवर उभी आहे. मर्यादा सुटली तर क्षमेचा आधार घेता येत नाही.

बागेत ती मर्यादा कशी सुटते ते पाहू. डिसेंबर-जानेवारीत हापूसला मोहोर येऊ लागतो आणि तुडतुडे, फुलकिडे, भुरी, करपा यांच्यासाठी फवारण्यांची साखळी सुरू होते: डेल्टामेथ्रिन, इमिडाक्लोप्रिड, थायामेथॉक्झाम, जोडीला बुरशीनाशक. आंब्याचे परागीभवन मुख्यतः माश्या आणि इतर कीटक करतात. म्हणजे ज्या मोहोराच्या रक्षणासाठी औषध मारले, त्याच मोहोरावर फळ धरवणारा कामकरी मारला जातो. इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथॉक्झामचा उघड्या शेतातला वापर युरोपीय संघाने 2018 मध्ये बंद केला, तो मधमाश्यांच्या कारणानेच. काजूवरच्या ढेकण्याला खाणाऱ्या, पाने शिवून घरटी करणाऱ्या तांबड्या मुंग्याही या माऱ्यात जातात आणि मग ढेकण्यासाठी आणखी एक फवारणी लागते. त्यात आमची जमीन जांभ्याची, सच्छिद्र. इमिडाक्लोप्रिड पाण्यात विरघळते आणि मातीत महिनोन्महिने टिकू शकते. डेल्टामेथ्रिनसारखी द्रव्ये मातीच्या कणाला चिकटतात; मासे, कुर्ल्या, कोळंबी यांना ती अत्यल्प मात्रेतही घातक. सड्यावरचे पाणी व्हाळात, व्हाळाचे गड-कर्लीच्या खाडीत आणि खाडीचे मालवणच्या समुद्रात, जिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. बिळवसची सातेरी तर पाण्याने वेढलेल्या देवळातच बसली आहे.

यावर पहिला आक्षेप हेतूचा. बागायतदाराला तुडतुडाच मारायचा असतो, मासा नव्हे. संकल्प नाही तर पाप कसले? अजाण असेपर्यंत हे उत्तर चालते. पण केरळचा अनुभव आता सर्वांसमोर आहे. कासरगोडच्या सरकारी महामंडळाच्या काजूबागांवर, याच ढेकण्यासाठी, सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून 2000 पर्यंत हेलिकॉप्टरने एंडोसल्फान फवारले गेले. गावोगावी आजारी आणि जन्मतः व्यंग असलेली मुले दिसू लागली, प्रकरण न्यायालयांत गेले, मे 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या द्रव्यावर देशभर बंदी घातली आणि 2017 मध्ये प्रत्येक पीडिताला पाच लाख रुपये देण्याचा आदेश दिला. तिथेही हेतू ढेकण्या मारण्याचाच होता. परिणाम ठाऊक झाल्यावर तीच कृती पुन्हा करणे हे उद्योगी हिंसेकडून संकल्पी हिंसेकडे सरकणे आहे. 2017 मध्येच यवतमाळच्या कपाशीत फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे दगावली. इथल्या बागांत पंप पाठीवर घेणारा बहुधा मालक नसतो. मजूर असतो, पुष्कळदा नेपाळहून आलेला. हिंसा एकाची, भोग दुसऱ्याचा, फळ तिसऱ्याचे, असा हिशेब पंचसूनेत कुठेच बसत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे. कर्ज काढून बाग करणाऱ्याचे वर्ष दोन-अडीच महिन्यांच्या पिकावर ठरते. ढगाळ हवेत तुडतुडे वाढले की धर्मशास्त्र वाचत बसायला त्याला वेळ नसतो आणि डाग पडलेला आंबा वाशीच्या बाजारात कोणी हातात घेत नाही. हे सगळे मान्य. मात्र यातून दोष नाहीसा होत नाही, फक्त वाटला जातो. निष्कलंक पेटीचा आग्रह धरणारा मुंबईकर त्यात भागीदार ठरतो. शिवाय पर्याय 'सगळे मारा' आणि 'काहीच मारू नका' असे दोनच नाहीत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने प्रसारात आणलेला रक्षक सापळा फळमाशीच्या नरांना ओढून मारतो. तीही हिंसाच, पण कोणाला मारतो हे त्याला ठाऊक आहे आणि तो डब्याबाहेर जात नाही. गांधीजींच्या 'कमीत कमी'चा अर्थ मला इथे प्रत्यक्ष दिसतो.

उरतो तो शेवटचा आक्षेप: एकट्याने थांबून काय होणार, शेजारच्या बागेतले तुडतुडे माझ्याकडे येतील. अगदी बरोबर, म्हणूनच हा निर्णय एकट्याचा असू शकत नाही. आणि गावाने मिळून निर्णय घेण्याची रीत या किनाऱ्याला शिकवावी लागत नाही. आचरा, चिंदर, वायंगणी या मालवण तालुक्यातल्या गावांत दर तीन-चार वर्षांनी गावपळण होते. देवाचा कौल झाला की माणसे गुराढोरांसह, कोंबड्यांसह शिवेबाहेर राहुट्या ठोकून तीन दिवस-तीन रात्री राहतात. त्यामागच्या समजुतींवर विवेकवाद्यांनी टीका केली आहे आणि तिच्यात तथ्यही आहे. पण हजारो माणसे घराला कडी लावून निघतात ती कोणत्याही सरकारी हुकुमाविना. ज्या गावरहाटीला हे जमते तिला मोहोर पूर्ण फुललेला असताना सकाळी माश्यांच्या वेळेला पंप बंद, व्हाळापासून ठरावीक अंतर सोडायचे, कीड मोजल्याशिवाय फवारायचे नाही, एवढे ठरवणे अवघड नसावे. कौल द्यायचा की ग्रामसभेचा ठराव करायचा, हे मानकऱ्यांनी आणि सरपंचांनी आपसांत पाहावे.