मंडईतला मका

मंडईतून एक फेरी मारली की पिशवीत जे पडतं, त्यातलं बरंचसं मुळात मेक्सिकोचं किंवा त्याच्या आसपासच्या मुलखाचं असतं. मिरची, टोमॅटो, मका, पेरू, पपई, लाल भोपळा, श्रावणघेवडा, चिकू, सीताफळ. बाहेर फुलवाल्यांकडचा झेंडू आणि निशिगंधही तिकडचाच. पोर्तुगीज आले आणि त्यांच्या गलबतांबरोबर ही झाडंही आपल्याकडे येऊ लागली. पुढे ती इतकी मुरली की मिरचीवाचून आपला स्वयंपाक होत नाही आणि झेंडूवाचून दसरा. हे सगळं मला पुस्तकातून माहीत होतं. मेक्सिकोत एक सत्र शिकायला गेले, तेव्हा मात्र दुसराच प्रश्न समोर आला. या झाडांबरोबर तिकडून काय आलं नाही?

मी अन्नशास्त्राची विद्यार्थिनी. मेक्सिको शहराच्या पूर्वेला तेस्कोको नावाचं गाव आहे आणि त्याला लागूनच चापिंगोचं शेतकी विद्यापीठ. गावात ज्यांच्याकडे खोली घेतली होती, त्या बाई रात्री मका शिजत ठेवायच्या. पांढऱ्या मक्याचे सुके दाणे, पाणी आणि त्यात कालवलेला चुना. जरा उकळी आली की विस्तव बंद करून पातेलं रात्रभर झाकून ठेवायचं. सकाळपर्यंत दाण्यांची सालं सुटून येत. मग दाणे चोळून धुवायचे आणि वाटायचे. त्या कणकेसारख्या गोळ्याची तोर्तिया होते. चुन्यात शिजलेल्या या मक्याला तिथे निश्तामाल म्हणतात. आता बहुतेक लोक गिरणीतून पीठ नाहीतर तयार तोर्तिया आणतात. या बाईंना ते चालत नसे. त्यांच्या आईचा पाटा अजून परसात होता. आपल्या पाट्यासारखाच काळा दगड, फक्त तीन पायांवर उभा.

मक्यात नायसिन नावाचं जीवनसत्त्व असतं, पण ते दाण्यात अशा रूपात बांधलेलं असतं की शरीराला त्यातलं फारच थोडं मिळतं. चुन्याच्या पाण्यात शिजवल्यावर ते मोकळं होतं. शिवाय कॅल्शियम मिळतं आणि पिठाला चिकटपणा येतो. आपल्याकडे मक्याची भाकरी थापताना कडा का तुटतात, तेही मला तिथेच नीट कळलं. हे मी वर्गात शिकले होते, परीक्षेत लिहिलंही होतं. पण ज्यांनी ही रीत हजारो वर्षांपूर्वी बसवली, त्या बायकांचा उल्लेख त्या धड्यात कुठे नव्हता.

युरोपियांनी मका नेला आणि ही रीत मागेच राहिली. वाटणाऱ्या बाईजवळ बसून, तू यात चुना का घालतेस, असं विचारण्याची गरज जिंकायला आलेल्यांना वाटली नसावी. पुढे स्पेन-इटलीतल्या ज्या गरिबांच्या ताटात मक्याखेरीज फारसं काही नव्हतं, त्यांना पेलाग्रा होऊ लागला. कातडी सोलवटायची, जुलाब लागायचे, भ्रम व्हायचा आणि शेवटी माणूस मरायचा. स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्यानं १७३५ साली या रोगाचं वर्णन केलं. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिण भागात हाच रोग लाखोंना झाला. तिथे जोसेफ गोल्डबर्गर यांनी दाखवून दिलं की हा जंतूंचा नाही, निकृष्ट आहाराचा रोग आहे. ज्या मेक्सिकोत दिवसातून तीनदा मका खातात, तिथे तो क्वचितच दिसत होता. आपल्या दख्खनलाही पेलाग्रा परका नाही. हैदराबादेत डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या सुमारास ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमधल्या पेलाग्राचा अभ्यास केला होता. एका धान्यावर दिवस काढावे लागतात ते गरिबीमुळे, हे मला मुद्दाम म्हणायचं आहे. रीत हरवल्याची किंमतही त्याच गरिबांनी मोजली.

राजगिऱ्याचं मात्र उलटं झालं. अ‍ॅझ्टेक लोक राजगिऱ्याच्या पिठाच्या मूर्ती करून त्यांचे तुकडे प्रसादासारखे खात. स्पॅनिश धर्मगुरूंना ते पाखंड वाटलं आणि या पिकावर गदा आली. त्याचा मान तिथे ओसरला. आज रस्त्यावर आलेग्रिया नावाची गोड वडी मिळते, ती म्हणजे पाक घातलेल्या राजगिऱ्याच्या लाह्या. तोंडात टाकली आणि मला एकादशी आठवली. आमच्याकडे हे उपासाला खातात, देवाच्या दिवशी चालणाऱ्या मोजक्या जिनसांपैकी ही एक आहे, असं मी बाईंना सांगितलं. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी ते शेजारणीला जाऊन सांगितलं. जे धान्य तिथे देवाघरून हाकललं गेलं, त्याला इथे देवघराशेजारी जागा मिळाली. ही जागा कुणा राजानं किंवा खात्यानं दिली नाही, घराघरांतल्या बायकांनी दिली.

चापिंगोत पांडुरंग खानखोजे यांची आठवण निघाल्याशिवाय राहत नाही. वर्ध्याचा हा क्रांतिकारक, गदर चळवळीतला. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकला, इराण-बर्लिन असा भटकला आणि १९२४च्या सुमारास मेक्सिकोत पोचला. चापिंगोत प्राध्यापक होऊन त्यांनी मक्याच्या नव्या जाती तयार केल्या. दिएगो रिव्हेरा यांनी शिक्षण खात्याच्या इमारतीतल्या भित्तिचित्रात त्यांना रंगवलं, तीना मोदोत्ती यांनी त्यांच्या मक्याची छायाचित्रं काढली. मला यापेक्षा मोठी वाटते ती त्यांनी शेतकऱ्यांसाठी काढलेल्या मुक्त शेतकी शाळांची गोष्ट. ज्यांच्या पूर्वजांनी रानगवतातून मका घडवला, त्यांच्यामध्ये एक वऱ्हाडाकडचा माणूस मका शिकवायला उभा राहतो, हे त्यांच्याकडून आधी शिकल्याशिवाय शक्य नाही. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. पुण्यात माझ्याबरोबर शिकणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी त्यांचं नाव ऐकलं होतं. याचं मला वाईट वाटतं.

परतल्यावर पुन्हा कॉलेज, प्रयोगशाळा आणि आजीबरोबर मंडई सुरू झाली. आमचं घर शुक्रवार पेठेत, त्यामुळे मंडई म्हणजे रोजचीच वाट. पण आता मी ओट्यांपाशी जास्त वेळ उभी राहू लागले. घाऊक बाजार गुलटेकडीला गेला, जमिनीखालून मेट्रो आली, तरी या ओट्यांवर बसणाऱ्या बायका अजून भाजीबरोबर तिची कृतीही देतात. शेवळं आणली तर काकडं घातल्याशिवाय करू नकोस, घसा खाजेल. सुरण चिंचेच्या पाण्यात ठेव. पावसाळ्यात रानभाज्या येतात तेव्हा तर त्या विचारायचीही वाट पाहत नाहीत. तेस्कोकोच्या बाजारात निवडुंगाची पानं सोलून देणारी बाई अशीच बोलायची. जिथे भाजी काचेआड थंड ठेवलेली असते, तिथे हे सांगायला कोणी नसतं. मंडई विद्यापीठ हा शब्द पुणेकर राजकारणाच्या गप्पांसाठी वापरतात, पण मला तो या बायकांसाठी वापरावासा वाटतो.

मंडईच्या इमारतीचा इतिहासही शिक्षणाला चिकटलेला आहे. ती १८८६ साली उघडली, गव्हर्नर रे यांच्या नावानं. जोतीराव फुले नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी या बांधकामाच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शाळांवर घालावा असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच सुमारास ते ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहीत होते. १९३८ साली आचार्य अत्रे यांच्या पुढाकारानं मंडईला फुल्यांचं नाव दिलं गेलं. नाव दिल्यानं त्यांचा प्रश्न मिटला असं मला वाटत नाही. शिकलेल्यांचं ज्ञान शेतकऱ्यापर्यंत पोचायला हवं आणि शेतकऱ्याचं ज्ञान शाळेत यायला हवं, हे काम अजून अर्धंच झालं आहे.

एका रविवारी मी घरी निश्तामाल केला. सुका पांढरा मका आणि खाण्याचा चुना. आजी शेजारी उभी. चुना घातलेला पाहून ती दचकेल असं वाटलं होतं, पण तिनं पाण्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि म्हणाली, “पापडखारासारखंच की हे. खार घातल्याशिवाय पापड लाटता येतो का?” मी इतकी वर्षं शिकून जे समजावणार होते, त्यातलं निम्मं तिला आधीच माहीत होतं. आजी आणि तेस्कोकोच्या त्या बाई एकमेकींना कधी भेटणार नाहीत, पण पाच मिनिटांत त्यांचं जमलं असतं. तोर्तिया जरा जाड झाल्या. आजीनं त्या पिठल्याबरोबर खाल्ल्या आणि उरलेल्या पिठात जिरं घालून दुसऱ्या दिवशी स्वतःच थापल्या.

कणसं विकणाऱ्या मावशींना मी त्यातल्या दोन नेऊन दिल्या. निळ्या, तांबड्या, जांभळ्या मक्याचे फोटोही दाखवले. त्यांनी ते नीट पाहिले, तोर्तियाचा तुकडा खाल्ला, चव आवडल्याचं सांगितलं आणि विचारलं, “तिथल्या शेतकऱ्याला भाव मिळतो का गं?”

मी त्यांना जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं. १९९४ साली अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको यांच्यातला व्यापाराचा करार लागू झाला. मग अमेरिकेतला स्वस्त मका मेक्सिकोत येऊ लागला. अमेरिकेत सरकारचं शेतीला मोठं अनुदान, यंत्रावरची शेती. मेक्सिकोत डोंगरउतारावर दोनचार एकर करणाऱ्याला त्या भावात परवडेना. पुष्कळांनी शेती सोडली, कितीतरी जण कामासाठी सीमेपलीकडे गेले. रंगीत मका टिकला आहे तो काही ठिकाणी, जिथे घरी खाण्यासाठी लावतात किंवा ज्यांना शहरातलं गिऱ्हाईक मिळालं आहे. मावशींचे भाऊ जुन्नरकडे मका करतात. त्यांना ही गोष्ट पुन्हा समजावावी लागली नाही. त्यांनी मला बसायला पाटी उलटी घालून दिली आणि भावाला यंदा काय भाव मिळाला, ते सांगायला लागल्या.