आधी खेळणं की आधी जमणं?

कर्जत-मुरबाड रस्त्यावरचं कडाव लोकांना ठाऊक आहे ते बाल दिगंबर गणेशाच्या देवळामुळे. आजूबाजूला भातखाचरं, ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या. पावसाळ्यात बुळबुळीत बांधावरून तोल सांभाळत जाणारी, उन्हाळ्यात जांभळीच्या शेंड्याला पोचणारी पोरं इथे नवलाची नाहीत. ती काटक असणारच, असं सगळे धरून चालतात. पण ती सतत हुंदडतात म्हणून त्यांच्या अंगात कसब येतं, की कसब आहे म्हणून हुंदडतात?

शंभरेक वर्षांपूर्वी शास्त्रज्ञांचा कल एकाच उत्तराकडे होता: वय. १९२९ साली अमेरिकेत आर्नल्ड गेसेल आणि हेलन थॉम्पसन यांनी जुळ्या बहिणींपैकी एकीकडून आधीपासून जिना चढायचा सराव करून घेतला. दुसरीने उशिरा सुरुवात केली आणि थोड्याच दिवसांत तिला जवळपास गाठलं. मग सराव हवा कशाला? १९३५मध्ये मर्टल मॅकग्रॉ यांनी जॉनी आणि जिमी या जुळ्यांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं आणि त्यातली फट दिसली. चालण्यासारख्या गोष्टींत सरावाने फारसा फरक पडला नाही; पोहणं, उंच उतारावर चढणं यांत मात्र सराव मिळालेला जॉनी पुढे गेला. चेंडू झेलणं किंवा लंगडी घालणं याच दुसऱ्या गटातलं. वयाबरोबर आपोआप येईल म्हणून वाट पाहणाऱ्या पालकांनी हे ध्यानात घ्यावं.

पुढे १९८२मध्ये सुझन हार्टर यांनी मूल स्वतःला किती सक्षम समजतं हे मोजायची पट्टी तयार केली. इथे आत्मविश्वास चित्रात आला. २००८ साली डेव्हिड स्टॉडन आणि सहकाऱ्यांनी सगळे धागे एकत्र विणले. त्यांच्या मांडणीनुसार कडावच्या प्रश्नाला वयागणिक वेगळं उत्तर मिळतं: लहानपणी हुंदडण्यातून कसब येतं, मोठेपणी कसब असलेलंच मूल हुंदडत राहतं आणि त्याचा दमसास वाढत जातो.

मधल्या काळात घडतं ते महत्त्वाचं. चार वर्षांच्या पोराला आपणच सगळ्यांत जोरात पळतो असं वाटतं, आणि हा भाबडेपणा त्याला पळत ठेवतो. आठ-नऊच्या सुमारास गडी वाटून घेताना आपलं नाव कितवं येतं ते त्याला कळू लागतं. शेवटी उरणारं मूल हळूहळू कडेला सरकतं. सराव तुटतो आणि हात आणखी कच्चा राहतो.

वाडीवरच्या खेळांत यावर तोड होती: लिंबूटिंबू. त्याच्यावर राज्य नाही, तो बादही होत नाही. पण पळतो सगळ्यांबरोबर. शाळेच्या पी.टी.च्या तासाला अशी सोय क्वचितच असते. (तो तास गणिताने खाल्ला नाही, तर.)

अर्थात मांडणी म्हणजे सिद्धता नव्हे. २०२२मध्ये लिसा बार्नेट आणि सहकाऱ्यांनी तोवरचे अभ्यास तपासले, तेव्हा कसबातून तंदुरुस्तीकडे जाणारा धागा भक्कम निघाला. कसबाने मूल जास्त खेळतंच, याचा पुरावा मात्र संमिश्र होता. शिवाय कर्जतच्या आदिवासी वाड्यांमध्ये कुपोषणाचा प्रश्न जुना आहे. झाडावर सरसर चढणाऱ्या मुलाचं पोट अर्धं असेल, तर दम कुठून येणार? आणि घरी पाणी भरून धाकट्या भावंडाला कडेवर घेणाऱ्या मुलीचं अंग दिवसभर राबतं, पण झेल घ्यायला तिचे हात मोकळे नसतात. शाळेतही सरावाची संधी मोजक्यांनाच: खो-खोच्या मैदानात नऊजणी उतरतात. तालुक्याच्या स्पर्धेसाठी त्या निवडल्या की शिक्षकांचा वेळ त्यांच्यामागे जातो. सराव बाकीच्या वर्गालाच जास्त हवा असतो.