संतचरित्राला साक्षीदार हवेत

१२ मार्च १६२२ रोजी रोममध्ये पोप पंधरावे ग्रेगरी यांनी एकाच सोहळ्यात पाच जणांना संतपद दिलं. त्यातले चौघे तेव्हाच्या ख्रिस्ती जगाला चांगले ठाऊक होते: इग्नेशियस लोयोला, फ्रान्सिस झेवियर, आविलाची तेरेसा आणि फिलिप नेरी. कोणी संघ उभारला, कोणी ग्रंथ लिहिले, कोणी समुद्र ओलांडले. पाचवा इसिद्रो. हा बाराव्या शतकातला, माद्रिदच्या एका जमीनदाराकडे जन्मभर राबलेला सालदार.

अमरावतीचं कॅथेड्रल या पाचांपैकी फ्रान्सिस झेवियरच्या नावाचं आहे. अकोल्यात माउंट कार्मेल नावाची शाळा आहे, आणि त्याच नावाच्या कार्मेल संघाची घडी तेरेसाने नव्याने बसवली होती. पण वऱ्हाडच्या काळ्या मातीला सगळ्यात जवळचा वाटावा तो इसिद्रो. सोबतच्या गड्यांनी मालकाचे कान भरले की हा रोज आधी प्रार्थनेला जातो आणि औतावर उशिरा येतो. मालक खात्री करायला वावरात गेला, तर इसिद्रोच्या शेजारी देवदूत औत हाकताना दिसले. जनाबाईसोबत जात्यावर बसणारा विठ्ठल ज्यांना माहीत आहे, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

माद्रिदच्या लोकांनी इसिद्रोला आपला संत मानलं ते रोमची वाट न पाहता. रोमची मोहोर उमटायला मात्र चार शतकांहून जास्त काळ जावा लागला. संत ठरवायचा कोणी आणि कशाच्या आधारावर, या प्रश्नाचं उत्तर ख्रिस्ती परंपरेत कसं बदलत गेलं, ते या दोन टोकांमध्ये सापडतं.

पहिल्या काही शतकांत मोहोर नव्हतीच. ज्यांनी श्रद्धेसाठी जीव दिला ते संत, आणि ते ठरवायला त्यांचं मरण पाहिलेली माणसं पुरेशी होती. २०३ साली कार्थेजमध्ये पर्पेतुआ नावाच्या बावीस वर्षांच्या बाईला आखाड्यात श्वापदांपुढे सोडण्यात आलं. तुरुंगात तिने लिहिलेली टिपणं आजही वाचायला मिळतात. अंगावर पिणारं मूल जवळ नाही म्हणून लागलेला घोर, ते कुशीत आल्यावर तोच तुरुंग महालासारखा वाटणं, आणि आपल्या पांढऱ्या केसांची आण घालून पुन्हा पुन्हा विनवणारा म्हातारा बाप. तिने आपली स्वप्नंही लिहिली आहेत. पण वाचणाऱ्याच्या मनात राहतो तो बाप. तो ख्रिस्ती नव्हता, लेकीच्या मार्गात आडवा येत होता, तरी तिने त्याला खलनायक केलं नाही. त्याच्या दुःखाचं तिला दुःख झालं, एवढंच तिने लिहून ठेवलं. संतचरित्राचा उगम इतका स्वच्छ आहे.

पुढे रोमचं साम्राज्यच ख्रिस्ती झालं, छळ थांबला, आणि रक्त न सांडता संत होता येतं का, असा प्रश्न उभा राहिला. वाळवंटात एकांतात राहिलेला अंतोनी, थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला आपला अर्धा झगा कापून देणारा मार्तिन, यांची चरित्रं चौथ्या शतकात लिहिली गेली आणि उत्तर मिळालं. नवा पेच मात्र तिथूनच सुरू झाला. मरणाला साक्षीदार असतात. अख्ख्या आयुष्याला कुठून आणायचे? मग गोष्टी वाढत गेल्या. १२६०च्या दशकात याकोबुस द व्होराजिने या इटालियन धर्मगुरूने ‘सुवर्णकथा’ या नावाने ओळखला जाणारा संतकथांचा मोठा संग्रह केला. संत जॉर्जने अजगर मारल्याची कथा युरोपात घरोघरी पोहोचली ती मुख्यत: त्यातून. संग्रह अफाट लोकप्रिय झाला. पण त्यात पाहिलेलं, ऐकलेलं आणि रचलेलं वेगळं करायची सोय नव्हती.

आणि त्याच तेराव्या शतकात, आपल्या मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपुरात, म्हाइंभट एक निराळंच काम करत होता.

महानुभाव पंथाचे चक्रधरस्वामी निघून गेले होते. त्यांचे शिष्य नागदेवाचार्य त्यांच्या आठवणी मनात घोळवत बसत. म्हाइंभटाने त्या लिहून घ्यायचं ठरवलं आणि ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांच्याकडे जाऊन लीळा गोळा केल्या. ज्याने पाहिलं त्याच्याकडून ऐकायचं आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घ्यायचं, ही त्याची रीत. स्वामी कुठे उतरले, काय जेवले, कोणाला काय म्हणाले, कधी आजारी पडले, हे सगळं त्याच्या ‘लीळाचरित्रा’त आहे. पुढे परचक्रात मूळ पोथी गेली आणि अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा लिहिली. तेव्हा आठवणी जुळेनात, तर त्यांनी त्या ठोकूनठाकून एकसारख्या केल्या नाहीत. हा पाठ हिराइसेचा, हा परशरामबासांचा, असं नोंदवलं. स्वामींचे गुरू गोविंदप्रभू यांच्या चरित्रात तर त्यांचं वेड्यासारखं वागणं, मुलांत खेळणं, दुसऱ्याच्या घरात शिरून खाऊ लागणं, काहीही झाकलेलं नाही.

रोमही तोवर साक्षी घेऊ लागलं होतं. ९९३ साली आउग्सबुर्गच्या बिशप उलरिक यांना पोपने रीतसर संतपद दिलं. पोपने असं संतपद दिल्याची ही पहिली पक्की नोंद समजली जाते. १२३४ साली तर हा अधिकार फक्त पोपचा असा कायदाच झाला. पण रोम साक्षी घेत होतं ते निकाल द्यायला. म्हाइंभटाला निकाल द्यायचाच नव्हता. चक्रधर आणि गोविंदप्रभू त्याच्यासाठी साक्षात परमेश्वर होते, त्याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. तरीही तो शब्द न् शब्द तपासत होता. चौकशी म्हणजे अविश्वास, असं समजणाऱ्या आजच्या भक्तांनी रिद्धपूरचा हा धडा गिरवायला हवा. ज्याच्यावर जीव असतो त्याच्याबद्दल खोटं सांगितलं जाऊ नये, ही तळमळ भक्तीतूनच येते.

युरोपात ही तळमळ सतराव्या शतकात जेझुइटांच्या एका छोट्या गटात दिसली. जाँ बोलाँ याच्या नावावरून त्यांना बोलांदिस्त म्हणतात. १६४३ साली त्यांनी सगळ्या संतांची चरित्रं जुन्या हस्तलिखितांवरून ताडून छापायला घेतली. त्यांच्यातल्या पापेब्रोख याने लिहिलं की कार्मेल संघ प्रेषित एलियाने स्थापन केला, या समजुतीला पुरावा नाही. संघ खवळला आणि १६९५ साली स्पेनच्या धर्मन्यायालयाने या ग्रंथांवर बंदी घातली. ती उठायला वीस वर्षं लागली. काम मात्र थांबलं नाही. रोमच्या दरबारात तर उमेदवाराविरुद्ध बोलण्यासाठी खास अधिकारीच नेमलेला असे. लोक त्याला ‘सैतानाचा वकील’ म्हणत. गुणांची यादी भक्त आणतातच, दोष शोधायला कोणीतरी पगारी माणूस हवा, हे चर्चला उमगलं होतं. १९८३ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी ही प्रक्रिया बदलली, त्या अधिकाऱ्याचं महत्त्व कमी झालं आणि संतांची संख्या झपाट्याने वाढली. माझ्या मते हा बदल पूर्ण हिताचा नव्हता. विरोधी बाजू मांडणारा दुबळा झाला की निकालाचं वजनही कमी होतं.

मराठी मुलखातल्या माणसाला या दरबारात किती वाट पाहावी लागली, ते वसईच्या गोन्सालो गार्सियाच्या बाबतीत दिसतं. बाप पोर्तुगीज, आई इथली. जन्म १५५६च्या सुमारास. कोवळ्या वयात तो जेझुइटांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा उत्तम शिकला, काही वर्षं व्यापारही केला. मग मनिलात फ्रान्सिस्कन संघात साधा बंधू म्हणून दाखल झाला. धर्मगुरू तो कधीच झाला नाही. फ्रान्सिस्कन धर्मगुरू जपानला निघाले तेव्हा त्यांना दुभाषा हवा होता, म्हणून गोन्सालो गेला. सत्ताधीश हिदेयोशीपुढे बोलणी करताना त्याचीच जीभ कामी आली. १५९६ साली एक स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागलं, धर्मप्रचारकांच्या मागून स्पेनची फौज येईल असा संशय बळावला आणि हिदेयोशीने हुकूम काढला. पकडलेल्यांच्या डाव्या कानाची पाळी कापली, त्यांना गावोगाव फिरवलं, ऐन थंडीत नागासाकीपर्यंत चालवत नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी मारलं. त्यांतले बहुसंख्य साधे जपानी गृहस्थ होते, काही तर कोवळी मुलं.

१६२७ साली गोन्सालोला धन्यवादित, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचा, घोषित केलं गेलं. संतपद मिळालं ८ जून १८६२ रोजी. मध्ये २३५ वर्षं गेली. तेवढ्यात वसईवरची पोर्तुगीज सत्ता गेली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, किल्ल्यातली चर्चं ओस पडली. तरीही ही आठवण कागदावर टिकून होती, कारण १५९७नंतर लगेच साक्षी नोंदवल्या गेल्या होत्या. आज गोन्सालोचा सण वसईत थाटात होतो. त्याचा पाया त्या जबान्यांचा आहे.

हाच न्याय झेवियरलाही लावायला हवा, अमरावतीचं कॅथेड्रल त्याच्या नावाचं असलं तरी. किंबहुना म्हणूनच. किनाऱ्यावरच्या गरीब कोळ्यांत तो राहिला, रोग्यांची सेवा केली, चीनच्या दारात एका बेटावर १५५२ साली तापाने गेला. हे खरं. आणि १५४६ साली पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात धर्मन्यायालय आणावं अशी मागणी त्याने केली होती, हेही खरं. ते न्यायालय त्याच्या मृत्यूनंतर १५६० साली आलं आणि त्या न्यायालयाने गोव्यात केलेला छळ आपल्याला माहीत आहे. दोन्ही गोष्टी एकाच चरित्रात शेजारी शेजारी असायला हव्यात. मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांत राहून त्याच रोगाने १८८९ साली गेलेल्या फादर दामियन यांच्यावर कोणीतरी चिखल उडवला, तेव्हा रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन या लेखकाने त्यांची बाजू घेतली. बेटावर जाऊन त्याने विचारपूस केली होती आणि दामियन हट्टी, अस्वच्छ, हुकूमशाही करणारे होते, हे त्याने जाहीरपणे मान्य केलं. २००९ साली दामियन संत झाले. त्या कबुलीने त्यांचं काही कमी झालं नाही. दाजीसाहेब पटवर्धनांचं कुष्ठरोग्यांसाठीचं तपोवन ज्या अमरावतीत आहे, तिथल्या वाचकाला दामियन कोण हे वेगळं सांगायला नको.

आता संत कशाला म्हणायचं, तेही पुन्हा हललं आहे. हुतात्मा म्हणजे श्रद्धेच्या द्वेषातून मारला गेलेला; आता गरिबांच्या बाजूने उभं राहिल्यामुळे मारले गेलेलेही त्यात धरले जातात. मध्य प्रदेशात देवास जिल्ह्यात उदयनगर आहे. तिथे सिस्टर राणी मारिया या केरळी नन आदिवासी शेतकऱ्यांना सावकाराच्या पाशातून सोडवायचं काम करत. बँकेचं कर्ज कसं मिळवायचं, कागद कसे करायचे, हे त्या शिकवत. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी भरबसमध्ये त्यांना भोसकून मारलं. मारेकरी भाड्याचा होता. राणी मारियांच्या धाकट्या बहिणीने, त्याही नन, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. आईने त्याच्या हातांचं चुंबन घेतलं. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदुरात राणी मारियांना हुतात्मा म्हणून धन्यवादित घोषित केलं. सावकारी हा शब्द ज्या वऱ्हाडात आत्महत्यांच्या बातम्यांत वाचावा लागतो, तिथे हे चरित्र मराठीत घरोघर पोहोचायला हवं.

आणि आपल्या घरच्या संतांचं काय? गाडगेबाबा २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर गेले. प्रबोधनकार ठाकऱ्यांनी त्यांचं चरित्र ते हयात असतानाच १९५२ साली लिहिलं, हे आपलं भाग्य. तुकडोजी महाराज १९६८ साली गेले. गाडगेबाबांचं कीर्तन दहाव्या वर्षी ऐकलेला मुलगा आज ऐंशीच्या घरात आहे. अमरावती, अकोला, दर्यापूर, मूर्तिजापूर या पट्ट्यात अशी माणसं अजून आहेत. बाबा कोणावर रागावले, कोणाच्या घरी भाकर खाल्ली, कोणाला हाकलून दिलं, हे त्यांना आठवतं. ज्याच्या घरात असा कोणी आजा किंवा आजी असेल, त्याने या दिवाळीच्या सुट्टीत मोबाइल समोर ठेवून त्यांना बोलतं करावं. नाव, गाव, साल विचारावं. जे जुळणार नाही तेही तसंच नोंदवावं, दुरुस्त करू नये.